नाणेघाटाचा हिशेब

आम्ही मुलांना घेऊन जुन्नरहून नाणेघाटात गेलो. सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल याच वाटेने वर जुन्नरला येई. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा, असे लोक सांगतात. एका मुलीने विचारले, "सर, वर्षाला किती बैल चढत असतील?" आम्हाला सांगता येईना. तिथल्याच लेण्यातल्या राणी नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे आहेत : ११,००० गाई, १,००० घोडे. ओझ्याच्या बैलांची मोजणी मात्र तिथे नाही. देणाऱ्यांचा हिशेब दगडावर राहिला, वाहणाऱ्यांचा पुसला गेला. आजही आळेफाटा-नारायणगावातून कांदा-टोमॅटोच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. आपल्या घरात कोणी गाडीवर असेल, तर त्याच्या खेपांची वही रद्दीत टाकू नका.