एक हात वर, दुसरा खाली

जालन्याच्या पोलाद कारखान्यांतून सळईने भरलेले ट्रक बाहेर पडतात. वाटेत चाक बदलण्याची वेळ आली, की अधिक चिन्हाच्या आकाराचा पाना निघतो. चालक त्याचा एक बाहू वर उचलतो आणि समोरचा खाली दाबतो. परिमाणाने समान, दिशेने विरुद्ध, परंतु एकाच रेषेत नसलेल्या अशा दोन बलांच्या जोडीस भौतिकशास्त्रात ‘बलयुग्म’ म्हणतात.

या बलांची बेरीज शून्य असते. म्हणून वस्तू सरकत नाही, केवळ फिरते. एक बल गुणिले दोहोंमधील लंबांतर, हे त्याचे आघूर्ण. प्रत्येक हाताचे बल 200 न्यूटन व अंतर 0.4 मीटर असल्यास ते 80 न्यूटन-मीटर भरते. हेच एका हाताने, नटापासून 0.2 मीटरवर साधायचे तर 400 न्यूटन लागतात, आणि तेवढाच आडवा रेटा नटावर येतो. पाना निसटून बोटे सोलवटतात, ती बहुधा अशा वेळी.

मग जाते एकाच खुंट्याने कसे फिरते? तेथेही बले दोनच. दुसरे मधली खीळ देते; बिचारी झिजते ती त्यामुळेच.

कारखान्यातील विजेच्या मोटारीचे मूळ तत्त्वही हेच. चुंबकीय क्षेत्रातील वेटोळ्याच्या समोरासमोरच्या बाजूंतून प्रवाह उलट दिशांनी वाहतो, त्यामुळे त्या विरुद्ध दिशांना ढकलल्या जातात. मात्र वेटोळे क्षेत्राला आडवे आले, की दोन्ही बले एका रेषेत येतात आणि आघूर्ण शून्य होते. साध्या मोटारीत वेगवेगळ्या कोनांत अनेक वेटोळी बसवतात, ती यासाठी.