धरायचे आणि सोडायचे

माणूस धावला, कुंपणावरून उडी मारली, चिखलात लोळला तरी कमरेचे पिस्तूल जागचे हलता कामा नये. आणि हात गेला की मात्र ते अडखळता कामा नये. पिस्तुलाच्या म्यानाकडून, म्हणजे होल्स्टरकडून, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. हाताने होल्स्टर शिवणारा कारागीर हा तंटा बटणाने किंवा पट्टीने नव्हे, तर चामड्याच्या बेताने सोडवतो.

घोडदळाच्या जुन्या होल्स्टरला मोठे झाकण असे. त्याने पाऊस-धूळ अडे, पण हत्यार काढायला वेळ लागे. 1920च्या दशकात टेक्सासमधल्या एल पासोला हे परवडणारे नव्हते. दारूबंदी होती आणि मेक्सिकोची सीमा हाकेच्या अंतरावर. तस्करांच्या मागावर असलेल्या टॉम थ्रीपर्सन्स या अधिकाऱ्याने झाकण काढून टाकलेले, कमरेला उंच बसणारे आणि ट्रिगरपाशी कोरून मोकळे केलेले होल्स्टर आखले. ते शिवले सॅम मायर्सच्या खोगिरांच्या दुकानात. पुढे अमेरिकन सैन्यातल्या जनरल पॅटनचे हस्तिदंती मुठीचे कोल्ट रिव्हॉल्व्हर ज्यात मिरवले, ते होल्स्टरही याच दुकानातले. आजचे कारागीर थ्रीपर्सन्सच्या होल्स्टरची उंच बैठक घेतात, पण ट्रिगर पूर्ण झाकतात. कपड्याची चुणी किंवा बोट तिथे अडकले तर गोळी सुटू शकते.

कामाची सुरुवात चामडे पारखण्यापासून. ते गाई-बैलाचे आणि झाडांच्या सालींत कमावलेले लागते. क्रोमवर कमावलेले चामडे मऊ असते, आकार धरत नाही, शिवाय त्यातल्या क्षारांमुळे पोलाद गंजू शकते. जाडी औंसांत मोजतात: 1 औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे 0.4 मिलिमीटर. होल्स्टरला बहुधा 8 ते 9 औंसांचे, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटरचे चामडे घेतात. पुठ्ठ्यावर पिस्तूल आडवे ठेवून रेघ मारायची, पण हत्याराची आणि चामड्याची जाडी धरून टाक्यांची ओळ त्या रेघेबाहेर सोडायची. ओळ जास्त आत आली तर पिस्तूल शिरत नाही, बाहेर गेली तर खुळखुळते.

मग रापी आणि आरी. आपल्याकडच्या चर्मकारांच्या पेटीतही हीच अवजारे असतात. शिवण खोगिराची: मेण लावलेला एकच दोरा, त्याच्या दोन टोकांना दोन सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार. यंत्राच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे उसवू लागतात. इथे एक धागा तुटला तरी दुसरा धरून ठेवतो.

खरी करामत पाण्यात आहे. शिवलेले होल्स्टर कोमट पाण्यात भिजवून त्यात पिस्तुलाची त्याच मापाची प्लास्टिकची प्रतिकृती सरकवतात. पुढची माशी चामड्यात रुतू नये म्हणून नळीच्या माथ्यावर बारीक लाकडी काडी बसवतात. मग हाडाच्या गुळगुळीत पट्टीने ट्रिगरभोवतीची कमान, पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाची (स्लाइडची) कड असे कंगोरे दाबत उठवायचे. पकड येते ती या कंगोऱ्यांतून, म्हणून एका मॉडेलचे होल्स्टर दुसऱ्याला नीट बसत नाही. वाळवायला मंद ऊब पुरते. उष्णता जास्त झाली तर चामडे तडकते. रंग आणि तेल त्यानंतर. तेलाचा हात मात्र आखडता, कारण तेल मुरले की मेहनतीने आणलेला ताठरपणा जातो. शेवटी कडा मेणाने घोटून चकचकीत करतात.

हल्ली कायडेक्स नावाचे प्लास्टिक तापवून काही मिनिटांत होल्स्टर घडते. ते घामाने खराब होत नाही आणि स्वस्तही पडते. चामड्याचे नवे होल्स्टर तर आधी इतके घट्ट असते की गिऱ्हाईक वैतागते. त्यावर कारागिरांचा ठरलेला उपाय आहे: पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करा, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, आत दाबून रात्रभर ठेवा आणि सकाळी पिशवी काढून पुन्हा घालून बघा.