प्रकाशसंवेदी बहुवारिक थरांपासून टिकाऊ ग्राव्ह्यूर मुद्रणपट्ट

उठाव-मुद्रणात शाई धरणारा भाग पट्टाच्या इतर भागाहून उंच असतो. ग्राव्ह्यूर पद्धतीत याच्या नेमके उलट असते. येथे चित्र सूक्ष्म खळग्यांनी बनलेले असते. संपूर्ण पृष्ठभागावर पातळ शाई पसरली जाते, पोलादाचे एक पातळ पाते पृष्ठभागावरील शाई निपटून काढते आणि खळग्यांत उरलेली शाई कागदावर उतरते. भारतीय टपाल खात्याची संतकवींची तिकिटे १९५२ साली नाशिकरोड येथील मुद्रणालयात याच पद्धतीने छापली गेली. छायाचित्रातील सौम्य छटा उतरविण्यात ही पद्धत श्रेष्ठ मानली जाते. परंतु ज्या पात्यामुळे ती शक्य होते, तेच पाते तिच्या पट्टाचा प्रमुख शत्रू होय.

ही झीज किती सूक्ष्म पातळीवर रोखावी लागते, हे साध्या गणिताने समजते. नित्याच्या जाळीत एका सेंटिमीटरला ७० रेषा, म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमध्ये ४,९०० खळगे असतात. गडद छटेच्या खळग्याची खोली सुमारे ३० ते ४० मायक्रोमीटर असते. ६० सेंटिमीटर परिघाच्या रुळावरून दहा लक्ष प्रती काढल्या, तर पात्याखालून ६०० किलोमीटर लांबीचा पृष्ठभाग सरकतो. एवढ्या अवधीत ३ मायक्रोमीटरपेक्षा अधिक झीज होऊ द्यावयाची नसेल, तर प्रत्येक फेरीस सरासरी ०·००३ नॅनोमीटर एवढीच झीज परवडते. हे माप एका अणूच्या व्यासाहूनही लहान आहे.

धातूच्या रुळांबाबत हा प्रश्न तांब्यावर क्रोमियमचा पातळ मुलामा चढवून सोडविण्यात आला. तांबे मऊ असल्याने त्यात खळगे पाडणे सोपे जाते आणि क्रोमियम पात्याचा मारा सोसते. मात्र मुलाम्याच्या नेहमीच्या द्रावणातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइडचा वापर विशेष अनुमतीच्या चौकटीत आला. शिवाय मुलामा देणे, कोरणे व घासणे या क्रिया खर्चिक असून लहान संख्येच्या छपाईस परवडत नाहीत. केवळ प्रकाश आणि पाणी किंवा अल्कोहॉल यांच्या साहाय्याने तयार होणाऱ्या पट्टाचे आकर्षण या अडचणींतून निर्माण झाले.

प्रकाशाने पदार्थ कठीण करण्याची कल्पना नवी नाही. फॉक्स टॅल्बट यांनी १८५२ साली डायक्रोमेटमिश्रित जिलेटीन वापरून धातू कोरण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यात प्रकाशाने कठीण झालेले जिलेटीन हे आम्लापासून धातूला झाकणारे आवरण होते. प्रत्यक्ष छपाई धातूच करीत असे. प्रकाशाने कठीण झालेला थर स्वतःच छपाई करील, ही पुढची पायरी होय. द्यू पाँ कंपनीतील लुई प्लँबेक यांच्या १९५६ च्या पेटंटाने ती उठाव-पट्टांसाठी गाठली. ग्राव्ह्यूरसाठी मात्र याच थराकडून निराळी अपेक्षा करावी लागते.

अशा थरात सामान्यतः चार घटक असतात. पहिला बंधक, म्हणजे अल्कोहॉलमध्ये विरघळणारे पॉलिअमाइड किंवा पाण्यात विरघळणारे पॉलिव्हिनिल अल्कोहॉल, दुसरा दोन वा अधिक ॲक्रिलेट गट असलेला एकवारिक, तिसरा प्रकाश-आरंभक, आणि चौथा, साठवणीत अकाली विक्रिया होऊ न देणारा निरोधक. सुमारे ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचे जंबुपार किरण पडताच आरंभकाचे रेणू फुटून मुक्त मूलके निर्माण होतात आणि एकवारिकाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जाळे विणले जाते. प्रकाशित भाग त्यामुळे अविद्राव्य होतो व उरलेला भाग धुऊन काढता येतो. उठाव-पट्टात हा कठीण भाग चित्राचा असतो. ग्राव्ह्यूर-पट्टात मात्र खळग्यांमधल्या भिंती, म्हणजे शाई न छापणारा भाग, कठीण होतो. खळग्याची जागा प्रकाशापासून झाकलेली असते. म्हणून येथे जाळीयुक्त धन-चित्र वापरावे लागते. मोठ्या गडद क्षेत्रातही जाळीमुळे भिंती शिल्लक राहतात. त्या नसत्या तर पाते खोलगट जागेत उतरून शाई उपसून नेईल.

खळग्याची खोली ठरविणे हा पहिला कठीण प्रश्न होय. थरात शिरणारा प्रकाश खोलीबरोबर क्षीण होत जातो; म्हणून अपुऱ्या प्रकाशाने थराचा वरचा भाग आधी कठीण होतो व तळ मऊ राहतो. धुताना तळ विरघळला की वरील पापुद्रा निराधार होतो. जोसेफ स्वान यांच्या १८६४ च्या कार्बन-टिश्यू पद्धतीत या अडचणीवर सुंदर उपाय होता. प्रकाशित थर उलटा चिकटवून न कठिणलेल्या बाजूने धुतला जाई आणि छटेप्रमाणे कमी-अधिक जाडी मिळे. आधारपत्र्यास पक्का जोडलेला बहुवारिक थर असा उलटता येत नाही. त्यामुळे येथे छटा मुख्यतः खळग्याच्या क्षेत्रफळावरून साधावी लागते.

दुसरा प्रश्न ऑक्सिजनचा. हवेतील ऑक्सिजन मुक्त मूलकांशी संयोग पावून अशी पेरॉक्सी मूलके तयार करतो, की जी साखळी फारशी पुढे नेत नाहीत. परिणामी थराचा सर्वांत वरचा भाग अर्धवट कठीण राहतो, आणि पाते नेमके तेथेच घासते. म्हणून प्रकाशन निर्वात चौकटीत करतात. तसेच धुऊन वाळविल्यावर पट्टाला पुन्हा प्रकाश व उष्णता देऊन उरलेले दुबंध संपविणे आवश्यक ठरते.

एवढे करूनही सेंद्रिय बहुवारिक पोलादापेक्षा मऊच राहते. जाळे अधिकाधिक घट्ट विणले तर थर ठिसूळ होतो व भिंतींच्या कडा तुटतात. यावरील उपाय म्हणजे थरात क्वार्ट्झ, ॲल्युमिना यांसारख्या कठीण पदार्थांचे सूक्ष्म कण मिसळणे. मोज श्रेणीत क्वार्ट्झची कठिनता ७, तर स्फटिकरूप ॲल्युमिनाची ९ आहे. असे कण पात्याचा भार स्वतःवर घेतात आणि झीज पट्टाऐवजी पात्याची होते. घर्षण असेल तेथे झीज टाळता येत नाही. ती कोठे व्हावी, एवढेच ठरविता येते. बदलण्यास स्वस्त असलेल्या पात्यावर ती ढकलणे, हे या युक्तीचे मर्म होय.

परंतु जो कण थर टिकाऊ करतो, तोच प्रकाशाच्या मार्गात उभा राहतो. बहुवारिकाचा अपवर्तनांक साधारणपणे १·५ असतो. क्वार्ट्झचा सुमारे १·५५ असल्याने त्याचे कण थरात जवळजवळ अदृश्य होतात. ॲल्युमिनाचा १·७६ असल्याने प्रकीर्णन वाढते, भिंतीचा प्रकाश खळग्यात पसरतो आणि खळगे उथळ होतात. सिलिकॉन कार्बाइड याहून कठीण असले तरी त्याचा अपवर्तनांक २·६ च्या वर आहे, व जंबुपार किरणांचे ते शोषणही करते. म्हणून सर्वांत कठीण कण हा सर्वांत योग्य कण ठरत नाही. कणांचे आकारमानही भिंतीच्या रुंदीहून पुष्कळ कमी हवे. अन्यथा वर आलेला एखादा कण पात्याला खाच पाडतो आणि त्या खाचेची रेघ प्रत्येक प्रतीवर उमटते.

शाईची निवडही थराच्या रसायनाशी बांधलेली असते. प्रकाशनापूर्वी जो विद्रावक थर धुऊन काढतो, तोच शाईत आला तर कठीण झालेला भागही फुगवितो. पॉलिअमाइडचा पट्ट टोल्यूइनच्या शाईत टिकतो, पण अल्कोहॉलने सैल पडतो. पॉलिव्हिनिल अल्कोहॉलच्या पट्टाला पाण्याच्या शाईचे वावडे असते. फुगलेली भिंत मऊ पडते आणि पाते तिचा लवकर नाश करते.

या मर्यादांमुळे लक्षावधी प्रतींच्या छपाईत क्रोमियमयुक्त रूळ आपले स्थान राखून आहे. लेखण्या, खेळणी, उपकरणांच्या तबकड्या अशा वस्तूंवर सिलिकोनच्या गादीने ठसा उमटविण्याच्या पद्धतीत मात्र पोलादी पत्र्यावरील बहुवारिक पट्ट रूढ झाले आहेत. त्याचप्रमाणे कलावंतांनी आम्लाऐवजी त्यांचा स्वीकार केला आहे. या पट्टाचे आयुष्य केवळ कठिनतेवर अवलंबून नाही. कठिनता, पारदर्शकता आणि विद्राव्यता हे गुण एकमेकांना मागे खेचतात आणि त्यांपैकी कोणताही एक पूर्णत्वास नेला तर उरलेले दोन ढळतात. या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने नव्या थराची परीक्षा केवळ झिजेच्या यंत्रावर न करता, त्याच नमुन्यावर खळग्याची खोली आणि शाईतील फुगवटाही मोजणे आवश्यक आहे.