पहिल्यांदाच क्रूझवर जाताय? ‘बोट लागू’ नये याची तयारी बुकिंगच्या दिवशीच सुरू होते

मुंबई–गोवा क्रूझचं तिकीट निघालं, की पुढचे चार दिवस कपडे, फोटो आणि डेकवरच्या पार्टीच्या चर्चेत जातात. मग घरातली एखादी आत्या विचारते, “अगं, तुला तर आंबेनळी घाटात गाडी लागते. बोट नाही का लागणार?” आणि ग्रुपमधला उत्साह एकदम निम्म्यावर येतो.

आत्याचा प्रश्न अगदी बरोबर असतो. गाडी लागणं आणि बोट लागणं हा एकाच घराण्यातला त्रास आहे. कोकणातल्या जुन्या माणसांना हा शब्द नवा नाही. एसटी आणि रेल्वे आजच्यासारखी गावोगाव पोचली नव्हती, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून निघणाऱ्या आगबोटींनीच लोक रत्नागिरी, मालवण, गोव्याला जायचे. आजची क्रूझ त्या बोटींपेक्षा कितीतरी मोठी आणि स्थिर असते. शांत समुद्रात तर आपण जहाजावर आहोत हेसुद्धा विसरायला होतं. पण जहाज कितीही मोठं असलं तरी समुद्र आपलं काम करतोच, आणि ज्यांना हा त्रास होतो त्यांचे दोन दिवस केबिनच्या बाथरूममध्ये जाऊ शकतात.

त्रास सुरू झाल्यावर करता येण्यासारखं फार थोडं उरतं. जे काही करायचं ते आधी करायचं असतं. आणि आधी म्हणजे किती आधी, इथेच बहुतेकांची गडबड होते.

पोटाचा नाही, कानाचा मामला

उलटी पोटातून होत असली तरी भांडण सुरू होतं कानात. कानाच्या अगदी आतल्या भागात अर्धवर्तुळाकार तीन नलिका असतात. त्यांच्यातला द्रव डोकं फिरलं की हलतो आणि मेंदूला फिरण्याची खबर देतो. शेजारीच कॅल्शियमचे सूक्ष्म कण असलेले दोन छोटे अवयव असतात, ते वर-खाली आणि पुढे-मागे होणारी हालचाल टिपतात. शरीराचा तोल या यंत्रणेवर चालतो.

आता केबिनमध्ये बसलेल्या माणसाचं काय होतं बघा. समोरची भिंत, पलंग, टीव्ही, सगळं जागच्या जागी. डोळे म्हणतात, “काही हलत नाही.” कान म्हणतो, “अरे, आपण वर जातोय, आता खाली आलो, आता कललो.” दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळत नाहीत आणि मेंदू गोंधळतो. मग जांभया, तोंडाला सुटणारं पाणी, थंड घाम, मळमळ आणि शेवटी उलटी. या गोंधळावर मेंदूने उलटीचाच उतारा का शोधावा, याबद्दल १९७७ मध्ये मांडला गेलेला एक तर्क प्रसिद्ध आहे. डोळे आणि कान यांचा ताळमेळ विषबाधेतही बिघडतो. त्यामुळे मेंदू समजतो की पोटात काहीतरी विषारी गेलंय आणि ते बाहेर काढायला लागतो. तर्क पूर्ण सिद्ध झालेला नाही, पण पटण्यासारखा आहे.

कानाचा हा वाटा किती मोठा आहे, हे अमेरिकेच्या नौदलाने आणि ‘नासा’ने केलेल्या एका प्रयोगात दिसलं. अंतराळात माणसाला काय होईल याचा अभ्यास करण्यासाठी १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी गॅलॉडेट कॉलेजमधून अकरा कर्णबधिर पुरुष निवडले. त्यातल्या दहा जणांची श्रवणशक्ती मेंदूज्वराने गेली होती आणि त्याबरोबर कानातली तोल सांभाळणारी यंत्रणाही निकामी झाली होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याजवळ खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीवर नेण्यात आलं. ही मंडळी मजेत पत्ते खेळत बसली. त्यांच्यावर लक्ष ठेवायला आलेल्या संशोधकांनाच बोट इतकी लागली, की प्रयोग आवरता घ्यावा लागला!

ज्यांचे कान शाबूत आहेत अशा जवळपास कुणालाही पुरेशा खवळलेल्या समुद्रात बोट लागू शकते. ॲडमिरल नेल्सनला आयुष्यभर लागायची. चार्ल्स डार्विन ‘बीगल’ जहाजावर १८३१ ते १८३६ अशी जवळपास पाच वर्षं फिरला, त्यातले कितीतरी दिवस त्याने झोळीत पडून मनुका खात काढले. तेव्हा बोट लागणं हे नाजूकपणाचं लक्षण वगैरे काही नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना त्रास क्वचित होतो, शाळकरी मुलांना सर्वांत जास्त. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक होतो. मायग्रेन असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि घाटात हमखास पिशवी धरणाऱ्यांनी आपल्यालाही होईल असं धरूनच चालावं.

केबिन निवडताना स्वस्त तेच चांगलं

जहाज लाटांवर साधारण सी-सॉसारखं हलतं. सी-सॉच्या टोकावर बसलेलं मूल जोरात वर-खाली होतं, मधल्या खुंटीपाशी बसलेल्याला फारसं काही जाणवत नाही. तसंच जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक सर्वांत जास्त हलतं, मध्यभाग सर्वांत कमी. उंचीचंही तेच. जितका वरचा मजला, तितका कललेला झोका मोठा.

म्हणजे लांबीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन उत्तम. गंमत अशी, की वरच्या मजल्यावरचे महागडे स्वीट या हिशेबात मागे पडतात आणि खालच्या साध्या खोल्या जिंकतात. मात्र एक अडचण आहे. सर्वांत स्वस्त तिकिटात अनेकदा केबिन क्रमांक कंपनीच ठरवते, आणि मग नेमकी नाळेजवळची खोली वाट्याला येऊ शकते. ज्याला गाडी लागते त्याने थोडे पैसे जास्त मोजून केबिन स्वतः निवडावी. प्रत्येक मजल्याचा नकाशा बुकिंगच्या वेळी बघायला मिळतो, एजंटकडून तो मागून घ्यावा.

खिडकी असेल तर आणखी बरं, कारण बाहेर क्षितिज दिसतं. पण पुढच्या टोकाची खिडकी की मधली बिनखिडकीची खोली, असा प्रश्न आला तर मधली घ्यावी. खिडकी नसली तरी डोळे मिटून उताणं पडता येतं, आणि मिटलेले डोळे कानाशी भांडत नाहीत.

मोठ्या क्रूझ जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखासारखे ‘स्टॅबिलायझर’ असतात, त्यामुळे जहाज कधीच डोलत नाही असं विक्रीच्या वेळी ऐकायला मिळतं. ते अर्धसत्य आहे. हे पंख डावी-उजवीकडचं कलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होणं ते थांबवू शकत नाहीत. आणि संशोधन सांगतं की माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो तो संथ वर-खाली हालचालीचा, साधारण पाच-सहा सेकंदांत एक हेलकावा या लयीचा.

तारीख बघून जा

जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो. गेटवे ते मांडवा या साध्या प्रवासी लाँचसुद्धा पावसाळ्यात बंद ठेवतात. पावसाळ्याच्या अलीकडे-पलीकडे चक्रीवादळांची शक्यता असते. ‘क्यार’ ऑक्टोबर २०१९ मध्ये आलं होतं, ‘तौक्ते’ मे २०२१ मध्ये. पहिलीच क्रूझ असेल आणि तारीख हातात असेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा.

दोन रात्रींच्या क्रूझची एक खोच आहे. हेलकाव्यांची सवय व्हायला बहुतेकांच्या शरीराला दोन ते तीन दिवस लागतात. आठवडाभराच्या सफरीत पहिले दोन दिवस वाईट गेले तरी पुढचे पाच छान जातात. शनिवार-रविवार जोडून केलेल्या मुंबई–गोवा फेरीत सवय होईपर्यंत घरी परतायची वेळ झालेली असते. म्हणून छोट्या सफरीसाठी आधीची तयारी जास्त महत्त्वाची.

गोळी कोणती आणि कधी?

सर्वांत सर्रास होणारी चूक म्हणजे “बघू, त्रास झाला तर घेऊ.” मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं. गोळी पोटातच पडून राहते, आणि उलटी झाली तर तीही जाते. म्हणून गोळी जहाज सुटण्याच्या आधी घ्यायची असते. काही औषधं तासभर आधी, काही आदल्या रात्री. नेमकं औषध, मात्रा आणि वेळ डॉक्टरांना विचारूनच ठरवावी.

दुसरी चूक चुकीच्या गोळीची. घाटासाठी घराघरात माहीत असलेली ॲव्होमिन म्हणजे प्रोमेथाझिन. ते, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट आणि सिनारिझिन ही या त्रासावरची जुनी, वापरातली औषधं. मात्र घरच्या डब्यात असणारी उलटीची ऑन्डॅनसेट्रॉनची गोळी इथे फारशी उपयोगाची नाही. पोट बिघडल्यावरची उलटी ती थांबवते, पण कानाकडून आलेला गोंधळ तिला आवरत नाही. सर्दीची सेटिरिझिनही चालत नाही. झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्या मेंदूत पुरेशा पोचतच नाहीत, म्हणून या कामी निरुपयोगी ठरतात.

उपयोगी गोळ्या झोप आणतात, हा त्यांचा तोटा. म्हणून निघण्याच्या आधी एखाद्या सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घरीच घेऊन किती गुंगी येते ते पाहावं. गोळीवर दारू घेणं टाळावं, दोन्ही मिळून गुंगी फारच वाढते. परदेशात स्कोपोलामाइनची कानामागे लावायची पट्टी लोकप्रिय आहे. ती किमान चार तास आधी लावतात आणि तीन दिवस चालते. पट्टी हाताळून तोच हात डोळ्याला लागला तर दिसणं धूसर होतं, म्हणून हात धुवावेत. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी, वयस्करांनी आणि गरोदर स्त्रियांनी यातलं काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन देत नाहीत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, तर जेवण उलटून पडलं तर काय करायचं हेही डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

आलेपाक खरंच चालतो का?

थोडाफार. १९८८ मध्ये डेन्मार्कच्या ८० नौदल प्रशिक्षणार्थींवर भर समुद्रात झालेल्या चाचणीत आल्याची पूड घेणाऱ्यांना उलट्या कमी झाल्या. इतर काही अभ्यासांत फरक दिसला नाही. आलेपाकाच्या दोन वड्या खिशात ठेवायला हरकत नाही, पण ज्याला जोरात त्रास होतो त्याने फक्त त्यावर भिस्त ठेवू नये. मनगटावर दाब देणाऱ्या पट्ट्यांबद्दलचे पुरावे याहून कच्चे आहेत.

तरीही “मला याने बरं वाटतं” ही भावना हसण्यावारी नेऊ नये. इस्रायलच्या नौदलात १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही प्रशिक्षणार्थींना नुसतं सांगितलं होतं, की तुम्हाला बोट लागण्याची शक्यता कमी आहे. त्यांना खरोखरच कमी त्रास झाला. तेव्हा सोबतच्या मैत्रिणीला “तू नक्की ओकणार” म्हणून दिवसभर चिडवणं हा विनोद महागात पडू शकतो.

जहाजावर चढल्यावर

रिकाम्या पोटी राहू नये आणि बुफेवर तुटूनही पडू नये. दहीभात, टोस्ट, केळं असं साधं, थोडं थोडं खावं. तळकट आणि मद्य पहिल्या रात्री तरी लांब ठेवावं.

आणि फोन! जहाज हलत असताना मान खाली घालून रील बघणं म्हणजे मळमळीला हाताने बोलावणं. डोळे हातभर अंतरावरच्या पडद्यावर खिळलेले आणि शरीर झोके घेतंय, यापेक्षा मोठा विसंवाद नाही. व्हिडिओ एडिट करणं आणि पुस्तक वाचणंही त्यातच आलं. स्टोरी टाकायची ती बंदरात असताना टाकावी.

अस्वस्थ वाटायला लागलं, तर मध्यभागी, मोकळ्या हवेत उभं राहून क्षितिजाकडे बघत राहावं. ती एकच रेषा स्थिर असते. डोळ्यांना ती दिसली की आपण हलतोय हे त्यांनाही कळतं. रात्री क्षितिज दिसत नाही, तेव्हा डोकं उशीवर टेकवून डोळे मिटून पडावं. उलट्या झाल्याच तर ओआरएस घोटघोट घ्यावं. पाणीही पोटात टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, छातीत दुखत असेल किंवा बोलताना जीभ अडखळत असेल, तर ‘बोट लागलीय’ म्हणून अंगावर काढू नये. क्रूझवर दवाखाना असतो, तिथे लगेच जावं. त्याचं बिल तिकिटात धरलेलं नसतं, म्हणून प्रवास विमा काढताना जहाजावरचा उपचार त्यात बसतो का हे आधीच तपासावं.

गोव्याहून परतल्यावर घरी आंघोळ करताना बाथरूमची फरशी डोलतेय असं वाटलं तर घाबरू नका. मेंदूला हेलकाव्यांची सवय लागलेली असते, आता ती मोडायला थोडा वेळ लागतो. बहुतेकांचं हे डोलणं काही तासांत, फार तर दोन दिवसांत थांबतं. आठवडे उलटूनही थांबलं नाही, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.