वहीतील अनुभव आणि संशोधनाची पद्धत

यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीच्या हंगामात कटिशूल व गृध्रसीचे रुग्ण वाढतात, हे येथील प्रत्येक वैद्याच्या परिचयाचे आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही अशा रुग्णांच्या नोंदी एकत्र करून लेख लिहावयास घेतला आणि पहिल्याच पानावर अडलो. ज्यांना गुण आला त्यांचा वृत्तांत सविस्तर होता. जे पुन्हा आले नाहीत त्यांची केवळ नावे होती. लेख बाजूला ठेवावा लागला. दोष चिकित्सेचा होता की नाही, हेही सांगता येईना. नोंदीचा मात्र निश्चित होता.

हा दोष किती मोठा असतो ते पाहू. समजा, ४० रुग्णांना औषध दिले, २५ परत आले आणि त्यांपैकी २० जणांना गुण आला. २५ हा आधार धरल्यास यश ८० टक्के, ४० धरल्यास ५० टक्के. न आलेले १५ जण बरे झाले, अन्यत्र गेले, की भाड्याच्या पैशाअभावी घरीच राहिले, हे आपणास ठाऊक नसते. म्हणून दोन्ही आकडे मांडणे हेच प्रामाणिक होय.

असे नियम शिकण्यासाठी आता महाविद्यालयाच्या ग्रंथालयापर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. २००८ साली सुरू झालेल्या ‘इक्वेटर नेटवर्क’ या संकेतस्थळावर संशोधन-लेखनाच्या मार्गदर्शक सूची विनामूल्य मिळतात. खाजगी व्यावसायिकाने त्यांपैकी २०१३ ची ‘केअर’ ही सूची प्रथम वाचावी. एकाच रुग्णाचा वृत्तांत कसा लिहावा, हे ती १३ मुद्द्यांत सांगते: लक्षणांचा कालक्रम, निदानाचा आधार, चिकित्सा, पुढील तपासण्या, रुग्णाचे स्वतःचे म्हणणे व त्याची संमती. गृध्रसीत सक्थिक्षेपनिग्रह आपण पाहतोच. पाय किती अंशांपर्यंत उचलला गेला, तो आकडा चिकित्सेपूर्वी व नंतर लिहिला की तीच परीक्षा पुरावा ठरते.

वनौषधींच्या चाचण्यांसाठी २००६ साली ‘कन्सॉर्ट’ सूचीची स्वतंत्र पुरवणी प्रसिद्ध झाली. तिच्यात वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, कल्प व मात्रा लिहिण्याचा आग्रह आहे. त्याचे कारण रास्नेच्या उदाहरणावरून ध्यानात येईल. उत्तर भारतात रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा, केरळात आल्पिनिया, तर बंगालमध्ये व्हँडा वापरतात. नुसते ‘रास्ना’ लिहिल्यास वाचणाऱ्या वैद्यास नेमके काय द्यावे ते कळणार नाही.

पूर्वी झालेले काम शोधण्यासाठी केंद्रीय आयुष मंत्रालयाचे ‘आयुष रिसर्च पोर्टल’ व २००० सालापासूनचे ‘पबमेड सेंट्रल’ ही दोन भांडारे पुरेशी आहेत. दुसऱ्यात संपूर्ण लेख विनामूल्य वाचता येतात. शोधताना ‘गृध्रसी’ आणि ‘सायाटिका’ हे दोन्ही शब्द इंग्रजी लिपीत द्यावेत. एकाच शब्दाने निम्मे काम नजरेआड राहू शकते.

एकापेक्षा अधिक रुग्णांवर योजनाबद्ध चाचणी करावयाची असल्यास नैतिक समितीची मान्यता घ्यावी व ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’ येथे नोंदणी करावी. २० जुलै २००७ रोजी सुरू झालेल्या या नोंदवहीत शुल्क नाही. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण समाविष्ट होण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. काय मोजणार हे आधी जाहीर केल्याने निष्कर्ष पाहून मोजमाप बदलण्याचा मोह राहत नाही.

यात परके असे काही नाही. आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान व युक्ती या चारही परीक्षा चरकाचार्यांनी सांगितल्या आहेत. भांडारातील लेख हा आप्तोपदेश मानण्यापूर्वी पारखून घ्यावा, आणि आपले प्रत्यक्ष इतरांना पारखता येईल असे लिहावे. वैद्याबरोबर त्याच्या वह्याही काळाआड जातात, हे आपण आपल्याच तालुक्यांतून पाहिले आहे. व्यवसायबंधूंनी येत्या हंगामात एकच व्याधी निवडावी, पहिल्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवावी आणि जो परत आला नाही त्याचीही चौकशी करावी, अशी आमची नम्र विनंती आहे.