चालायचं की बसायचं? केस पेपरवर नसलेली ओळ

कुडपणात सपाट जागा शोधावी लागते. पोलादपूर तालुक्याच्या टोकाला, सह्याद्रीच्या कड्याशी बिलगलेलं हे शेलारमामांचं गाव. ऐंशीच्या घरात असतानाही ते सिंहगडावर तलवार घेऊन लढले, असं परंपरा सांगते. इथं पाण्याला जायचं तर उतार, परतायचं तर चढ. नाचणीचं शेत उतारावर, सरपणाची मोळी रानातून डोक्यावर. इथल्या बाईला कुणी ‘व्यायाम करत जा’ म्हटलं, तर ती पदर तोंडाला लावून हसेल.

पण याच डोंगरातलं माणूस कॅन्सरचा उपचार घेऊन परळहून किंवा खारघरहून घरी परतलं, की सगळं उलटं होतं. ‘आता तू काही करायचं नाही, नुसतं बसायचं.’ हंडा सुनेकडे जातो, गुरं शेजाऱ्याकडे. पायऱ्या उतरायची चोरी, अंगणाच्या पलीकडे गेलं की पाठोपाठ हाक. यात माया असते, भीतीही असते. फाइलमधल्या कागदावर गोळ्या असतात, पुढच्या तपासणीची तारीख असते, फार तर ‘जड वस्तू उचलू नये’ असं लिहिलेलं असतं. चालावं का, किती चालावं, याबद्दल ओळ नसते. डॉक्टरांनी मनाई केलेली नसते, पण सांगितलेलंही नसतं. आणि डॉक्टर जे बोलले नाहीत त्याचा अर्थ घरोघरी एकच लावला जातो: आराम.

आरामाचा हा सल्ला एके काळी वैद्यकातलाच होता. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे खाटेवरून हलू देत नसत. १९५२ साली सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाऊन या अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांना खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा नुसतं बसवणंही धाडसाचं होतं. हृदयरोगतज्ज्ञ त्या धाडसापासून आजच्या चालण्याच्या सल्ल्यापर्यंत येऊन पोचले. कॅन्सरतज्ज्ञ त्या वाटेवर बरेच मागून आले. १९८० च्या दशकात स्तनाच्या कॅन्सरची केमोथेरपी चालू असलेल्या स्त्रियांना जागेवरच्या सायकलवर बसवून पाहिलं, ते अमेरिकेत ओहायोमधल्या मेरिल विनिंगहॅम आणि मेरी मॅकविकार यांनी. दोघी परिचारिकांच्या विद्याशाखेतल्या संशोधक. रुग्णाच्या उशाशी जास्त वेळ कोण असतं, हे लक्षात घेतलं तर यात नवल नाही.

भीती सर्वांत जास्त होती ती हाताबद्दल. स्तनाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्या की पुढे कधीतरी तो हात सुजू शकतो. म्हणून जन्मभर त्या हाताला जपा, ओझं नको, असं सांगायची पद्धत पडली. कॅनडातल्या व्हँकूव्हर इथं डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी १९९६ मध्ये हा समज तपासायचं ठरवलं आणि त्यासाठी चक्क होडी निवडली. उपचार झालेल्या २४ स्त्रियांना त्यांनी सराव देऊन ड्रॅगन बोट वल्हवायला बसवलं. हाताची सूज एकीलाही आली नाही. प्रयोग छोटा होता, पण त्यातून उपचार झालेल्या स्त्रियांचे असे संघ पुढे जगभर उभे राहिले. मग २००९ मध्ये कॅथरिन श्मिट्झ यांच्या गटाचा अभ्यास आला. हात आधीच सुजलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. सूज वाढली नाही. उलट ती उसळण्याचे प्रसंग त्यांच्यात कमी झाले.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. ‘हळूहळू वाढवत’ आणि ‘देखरेखीखाली’ हे शब्द या अभ्यासाचा जीव आहेत. टाके निघाल्यावर महिन्याभरात भरला हंडा त्याच हातानं उचलणं म्हणजे हा व्यायाम नव्हे.

थकव्याबद्दलही असाच उलटा निकाल लागला. कॅन्सरच्या उपचारातला थकवा झोपेनं जात नाही. रुग्ण दिवसभर पडून राहतो, स्नायू झिजतात आणि मग न्हाणीघरापर्यंत जाणंही जड होतं. २०१७ साली ११३ अभ्यास आणि साडेअकरा हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा या थकव्यावर औषधांपेक्षा व्यायाम आणि मानसिक उपचार सरस ठरले.

तरीही ‘बरं वाटतं’ आणि ‘जास्त जगतो’ यांत अंतर असतं आणि डॉक्टरांना दुसऱ्याचा पुरावा हवा होता. तो २०२५ च्या जूनमध्ये आला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी पुरी झालेल्या ८८९ रुग्णांवरचा हा अभ्यास मुख्यतः कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात झाला. निम्म्यांना आरोग्याची पुस्तिका दिली. निम्म्यांना पुस्तिकेबरोबर तीन वर्षं व्यायामाचा मार्गदर्शक दिला. आधीच्या हालचालीत साधारण आठवड्यातून तीन-चार वेळा पाऊण ते एक तास झपझप चालण्याइतकी भर घालायची, एवढंच उद्दिष्ट. आठ वर्षांनी पुस्तिकावाल्या गटात ८३.२ टक्के हयात होते, व्यायामाच्या गटात ९०.३ टक्के. म्हणजे साधारण १४ जणांनी व्यायाम केला तर एक जीव वाचला. एखाद्या गोळीनं एवढं केलं असतं तर तिची किंमत काय लावली असती, याचा अंदाज ज्यानं त्यानं बांधावा. सांधे-स्नायूंच्या तक्रारी मात्र व्यायाम करणाऱ्यांत जास्त होत्या, तेही सांगायला हवं. आणि हा निकाल मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा आहे. तो उचलून तोंडाच्या किंवा गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला लावता येत नाही.

मुंबईत टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कॅन्सरच्या ८५० रुग्णांवर योगाचा मोठा अभ्यास केला. डॉ. नीता नायर यांनी मांडलेल्या निष्कर्षांत, कॅन्सर न उलटता जगण्यात १५ टक्के सापेक्ष सुधारणा नोंदली होती. वर्तमानपत्रांत ‘योगानं कॅन्सर १५ टक्के कमी’ अशा थाटात हे फिरलं, तेव्हा ‘सापेक्ष’ हा शब्द वाटेत गळला. शंभरातले पंधरा असा त्याचा अर्थ नाही. शिवाय दुसरा गट काही बसून नव्हता. तो नेहमीचे व्यायाम करत होता.

मग डॉक्टर अडतात कुठे? ब्रिटनमधल्या मॅकमिलन या संस्थेनं २०११ साली ४०० डॉक्टर-परिचारिकांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जण रुग्णांशी व्यायामाबद्दल बोलत नव्हते किंवा मोजक्यांशीच बोलत होते. कॅनडातल्या एका पाहणीत बहुतेकांना कॅन्सर रुग्णांसाठी व्यायामाच्या मार्गदर्शक सूचना आहेत हेच ठाऊक नव्हतं. व्यायामाला विरोध करणारे डॉक्टर फारसे नसतातच. वेळ नसतो, शिकवलेलं नसतं, पाठवायचं कुणाकडे हे माहीत नसतं. आधीच खचलेल्या माणसाला आणखी एक काम लावायचं मनातही येत नाही. अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेनं, ‘एएससीओ’नं, २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलं: बरं करण्याच्या हेतूनं उपचार चालू असतानाच चालण्यासारखा आणि ताकदीचा, दोन्ही व्यायाम सुचवावेत. सूचना झाली, पण ओपीडीच्या रांगेपर्यंत ती पोचायला वेळ लागतो.

आपल्याकडचे कॅन्सरचे डॉक्टर व्यायाम मुळीच सांगत नाहीत, असं म्हणणं अन्यायाचं होईल. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायला शिकवतात. मिश्री-तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झालेल्या रुग्णाला दातांत लाकडी काड्यांची चळत धरून, एकेक काडी वाढवत तोंड उघडायला लावतात. मोठ्या शस्त्रक्रियेआधी तीन चेंडूंचं यंत्र हातात देतात आणि श्वास ओढून चेंडू वर ठेवायला सांगतात. हे सगळं फिजिओथेरपिस्ट मन लावून करून घेतात. पण हे झाले हाताचे, जबड्याचे, फुप्फुसाचे व्यायाम. टाके सुकले, तोंड तीन बोटं उघडलं, की फाइल मिटते. अख्ख्या माणसानं रोज किती चालावं, हा प्रश्न कुणाच्याच टेबलावर पडत नाही.

डोंगरातल्या रुग्णाबाबत आणखी एक गैरसमज असतो. शहरी डॉक्टरला वाटतं, ही माणसं कष्टाचीच, यांना वेगळा व्यायाम कशाला? पण आजारपणात तेच कष्ट आधी बंद होतात आणि त्यांच्या जागी काहीच येत नाही. किंवा उलट, पैशापायी बाई लावणीच्या चिखलात लगेच उतरते आणि वाकून वाकून कोसळते. दोन्हींच्या मधलं माप सांगायला कुणीतरी हवं.

ते माप सांगायला डॉक्टरला किती वेळ लागतो? कॅनडात २००४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथं फार कामाचा आहे. स्तनाच्या कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्या ४५० स्त्रियांपैकी काहींना त्यांच्या कॅन्सरतज्ज्ञानं भेटीतच, मोजक्या शब्दांत, व्यायाम करायला सांगितलं. बाकी काही नाही. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्यांच्यापेक्षा या स्त्रियांनी पुढच्या आठवड्यांत जास्त हालचाल केल्याचं सांगितलं. आपल्याकडे तर डॉक्टरच्या शब्दाला घरच्यांवरही वजन असतं. ‘मोठ्या डॉक्टरांनी चालायला सांगितलंय’ म्हटलं, की सासूचा, नवऱ्याचा, मुंबईहून फोन करणाऱ्या मुलाचा विरोध तिथंच संपतो.

अर्थात सरसकट एकच ओळ चालणार नाही. कॅन्सर हाडांत पसरला असेल, तर वाकणं, पिळणं, ओझं उचलणं यानं हाड मोडू शकतं. ताप असेल, प्लेटलेट्स फार उतरल्या असतील, रक्त खूप कमी असेल, छातीत दुखत असेल, तर त्या दिवशी थांबायचं आणि डॉक्टरला कळवायचं. काही केमो औषधांनी तळपाय बधिर होतात. अशा माणसानं पायवाटेवर अनवाणी जाऊ नये आणि उतारावर काठी घ्यावी. पोटावर पिशवी असलेल्यानं वजनं उचलण्याआधी विचारून घ्यावं. चढावर चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की बेताचं झालं. बोलणंच तुटायला लागलं, तर वेग कमी करायचा.

राहिला पावसाळा. जूनपासून चार महिने कुडपणात धुकं आणि धार, वाट निसरडी. तेव्हा पडवी कामाला येते. या टोकापासून त्या टोकापर्यंत दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या, दिवसातून तीनदा. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं आणि बसायचं, आठ-दहा वेळा. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून कोपरात वाकवायची, सोपं वाटू लागलं की लिटरची. हे सगळं केस पेपरच्या पाठीमागे चार ओळींत मावतं. आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना ते वाचून दाखवता येतं आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरला विचारता येतं, ‘फेऱ्या किती झाल्या?’