भाषण तेच, आवाज बाईचा

मागच्या भागानंतर एकच प्रश्न परत परत आला. "बाई सरपंच होते, पण सह्या सोडल्या तर सगळा कारभार नवराच बघतो. मग आरक्षणाने बदललं काय?"

प्रश्न रास्त आहे. 'सरपंचपती' हा शब्द काही उगाच तयार झाला नाही. पण उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, कारण हे मोजलं गेलंय.

थोडं मागे जाऊ. ७३वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली. पंचायतीतल्या किमान एक तृतीयांश जागा आणि तेवढीच सरपंचपदं महिलांसाठी राखीव झाली. (महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेलं.) पश्चिम बंगालमध्ये सरपंचाला प्रधान म्हणतात. तिथे कुठलं प्रधानपद राखीव होणार, हे कुणाच्या मर्जीवर नव्हतं, जवळपास चिठ्ठी टाकल्यासारखंच ठरायचं. म्हणजे पुरोगामी गावांनीच बायका निवडल्या, असं म्हणायला जागा नाही. संशोधकाला आणखी काय हवं?

एस्थर डफ्लो आणि राघवेंद्र चट्टोपाध्याय यांनी हे हेरलं. (डफ्लोंना पुढे २०१९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.) त्यांनी बंगालमधला बीरभूम आणि राजस्थानातला उदयपूर हे जिल्हे घेतले. २००४ च्या त्यांच्या शोधनिबंधात दिसतं की जिथे पद राखीव होतं, तिथे पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं. आणि पाणी ही दोन्हीकडच्या बायकांची मोठी तक्रार होती. आता कागदोपत्री सरपंच असती, तर हा फरक कुठून आला असता?

पण मला आवडलेला प्रयोग पुढचा आहे, आणि तो चक्क ऑडिओचा आहे! २००९ चा अभ्यास. लोकांना नेत्याचं एक भाषण ऐकवलं. शब्द तेच, फक्त काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. ज्या गावांनी बाई प्रधान कधी पाहिलीच नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजाला कमी गुण दिले. जिथे बाई प्रधान होऊन गेली होती, तिथे हा फरक उरला नाही. लक्षात घ्या, "नेता पुरुषच बरा" ही आवड मात्र गेली नाही. बाईला काम जमतं, एवढं मान्य झालं.

आणि वेळ लागतो. पहिल्यांदा आलेल्या बाईला गावाने कमीच लेखलं. पद दोनदा राखीव राहिलं, तिथे पुढे खुल्या जागांवरही बायका जास्त उभ्या राहिल्या, जास्त निवडून आल्या. २०१२ मध्ये लोरी बीमन, डफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोव्हा या चौघी अर्थतज्ज्ञ महिलांनी बंगालमधल्या ४९५ गावांचा अभ्यास छापला. जिथे दोनदा बाई प्रधान होती, तिथे मुलामुलींच्या शिक्षणातली दरी मिटली होती. त्यासाठी शाळेवर वेगळा खर्च झाला असं नाही. मुलींनी आणि त्यांच्या आईबापांनी एक बाई खुर्चीत बसलेली पाहिली होती.

आता आपल्याकडची अडचण बघा. आरक्षण फिरतं. सोडत निघते, पद दुसऱ्या गावाकडे जातं, आणि पाच वर्षांत जेमतेम ठराव, निविदा, ग्रामसेवकाची भाषा शिकलेली बाई घरी बसते. सरपंचपतीवर आपण मीम करतो. या फिरतीवर कोणी काही बोलत नाही.

तुमच्या गावात एकच बाई दोनदा सरपंच झालीय का? दुसऱ्या वेळी काय वेगळं होतं, ते व्हॉइस नोटवर सांगा. पुढच्या भागात ऐकवतो.